लोहाराच्या ऐरणीपासून मोटारीपर्यंत : स्टुडेबेकरची हकीकत

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात दोन-तीन पिढ्या काढलेल्या आमच्या वाचकांच्या घरी जुन्या अमेरिकन गाड्यांची नावे नवी नाहीत. स्वातंत्र्यानंतर कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जुळवल्या जात. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात स्टुडेबेकर जुळवली जाई. यापैकी स्टुडेबेकर हे नाव आता जुन्या गाड्यांच्या शौकिनांपुरतेच उरले आहे. तरीही आज आम्ही तिचीच हकीकत देत आहोत. कारण ही कंपनी बँकेच्या पेढीतून नव्हे, तर लोहाराच्या भट्टीतून निघाली. आणि शंभराहून अधिक वर्षांनी ती बुडाली तेव्हा सर्वात मोठा फटका हाताने काम करणाऱ्यांनाच बसला.

१८५२ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साऊथ बेंड या गावी हेन्री आणि क्लेमंट स्टुडेबेकर या दोन भावांनी लोहारकामाचे दुकान थाटले. भांडवल होते ६८ डॉलर आणि अवजारांचे दोन संच. बाप लोहार आणि गाडी बनवणारा. त्यामुळे हुन्नर घरचाच. घोड्याला नाल ठोकणे, नांगराचा फाळ शेवटणे, तुटलेले चाक बांधणे ही रोजची कामे. अधूनमधून एखादा खटारा बनवायचा. हे घराणे ख्रिश्चनांतील एका साध्या राहणीच्या, युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचे होते आणि कोणाचे देणे अंगावर ठेवू नये, ही बापाची शिकवण होती. पुढे हीच मंडळी लष्कराला गाड्या पुरवून मोठी झाली, हा भाग वेगळा!

तिसरा भाऊ जॉन. त्या वेळी कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची हाकाटी होती. १८५३ साली जॉन भावांनी बनवलेली एक गाडी प्रवासाच्या मोबदल्यात देऊन तिकडे जाणाऱ्या तांड्याबरोबर निघाला. खाणीच्या गावी पोहोचल्यावर त्याने पाहिले की सोने शोधणारे हजारो आहेत, पण माती वाहण्यासाठी त्यांना चांगली एकचाकी हातगाडी मिळत नाही. त्याने फावडे हाती न घेता हातगाड्या बनवायला सुरुवात केली. पाच वर्षांनी, १८५८ साली तो घरी परतला तेव्हा त्याच्या गाठीशी ८,००० डॉलर होते. सोने शोधणारे बहुतेक जण रिकाम्या हाताने परतले. हेन्रीला शेतीची ओढ होती. त्याचा वाटा जॉनने विकत घेतला आणि दुकानाला खऱ्या अर्थाने भांडवल मिळाले.

येथून पुढची चढण वेगाची आहे. लष्करासाठी गाड्या बनवण्याचे काम मिळाले तेव्हा पुरेसे मुरलेले लाकूड जवळ नव्हते. लाकूड वाळायला वर्षे लागतात आणि माल तर काही महिन्यांत द्यायचा! भावांनी लाकूड वाळवण्याच्या भट्ट्या बांधल्या आणि मुदतीत माल दिला. सुतारकाम जाणणाऱ्याला यातली मेख कळेल. ओल्या लाकडाचे आरे आणि पाट्या पुढे आकसतात, धाव सैल होते आणि चाक रस्त्यातच बसते. स्टुडेबेकरचे चाक बसत नाही, एवढ्या एका कीर्तीवर पश्चिमेकडे निघालेल्या वस्तीकरांनी त्यांची गाडी मागून घेतली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मागणी वाढली. चौथा भाऊ पीटर मुळात दुकानदार. त्याने विक्री सांभाळली. पाचवा जेकबही आला. १८७२ आणि १८७४ साली कारखान्याला मोठ्या आगी लागल्या. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला. १८८९ साली राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी आपल्या निवासासाठी बग्ग्या त्यांच्याकडून मागवल्या. जगातील सर्वात मोठा गाडी-कारखाना अशी त्यांची जाहिरात असे आणि ती फारशी खोटी नव्हती.

घोडा जातो, मोटार येते

मोटार आली तेव्हा अमेरिकेत घोडागाड्या बनवणारे कारखाने असंख्य होते. त्यांपैकी मोठे मोटार कारखानदार म्हणून टिकले जवळजवळ एकटे स्टुडेबेकर. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. जॉनचा जावई फ्रेडरिक फिश मोटारीच्या मागे लागला होता. म्हाताऱ्याला ती फारशी रुचली नव्हती, पण त्याने अडवलेही नाही. १९०२ साली त्यांनी विजेवर चालणारी मोटार काढली. दुसरी गाडी खुद्द थॉमस एडिसन यांनी घेतली. १९०४ साली पेट्रोलची आली. तिचा सांगाडा आणि इंजिन दुसऱ्या कारखान्यातून येई. म्हणजे त्यांनी एकाएकी उडी मारली नाही. घोडागाडीचा गल्ला चालू ठेवला, दुसऱ्याच्या हुन्नराचा उपयोग करून घेतला आणि काम शिकून घेतले. घोडागाड्यांचा विभाग १९२० च्या सुमारास बंद झाला, तोवर मोटारीचा धंदा पक्का झालेला होता.

याच काळातील एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. डेट्रॉइटच्या ई-एम-एफ नावाच्या गाड्या स्टुडेबेकर आपल्या दुकानांतून विकत असे आणि पुढे तो कारखानाही त्यांनी घेतला. त्या गाड्या इतक्या बिघडत की लोक त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘रोज सकाळी दुरुस्त करा’ असा लावू लागले. जॉनने पदरच्या खर्चाने मिस्त्री गिऱ्हाइकांच्या घरी पाठवले आणि खराब भाग बदलून दिले. या कामी दहा लाख डॉलर गेले असे सांगतात. साठ वर्षे कमावलेले नाव त्याने पैसे मोजून राखले. १९१७ साली जॉन वारला आणि भावांची पिढी संपली.

त्यानंतर सूत्रे होती अल्बर्ट अर्स्किन यांच्या हाती. हिशेबात हुशार माणूस. मोटारीचे काम डेट्रॉइटहून साऊथ बेंडला आणले, विक्री वाढवली. पण १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली, तेव्हा ती चार दिवसांची आहे असे समजून ते भागधारकांना पूर्वीसारखाच लाभांश वाटत राहिले. कमाईपेक्षा वाटप जास्त! शिवाय त्यातच व्हाइट ही ट्रक कंपनी विकत घ्यायला निघाले. मार्च १९३३ मध्ये स्टुडेबेकरचे दिवाळे वाजले आणि कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. १ जुलै १९३३ रोजी अर्स्किन यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

येथेच सारे संपायचे. पण पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स या दोघांनी, एक विक्रीतला आणि एक कारखान्यातला, कंपनी सावरली. १९३९ साली आलेली ‘चॅम्पियन’ ही हलकी, पेट्रोल कमी खाणारी, स्वस्त गाडी चांगली खपली. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सुमारे दोन लाख ट्रक बनवले. त्यांपैकी बरेचसे रशियाला गेले आणि तिकडच्या चिखलातही चालले. युद्ध संपल्यावर इतर कारखाने युद्धापूर्वीचेच नमुने विकत होते, तेव्हा रेमंड लोवी यांच्या चित्रशाळेतून निघालेली स्टुडेबेकरची १९४७ ची गाडी अगदी नव्या घडणीची होती. एका नमुन्याची मागची काच इतकी लांबरुंद आणि वळलेली की गाडी येते आहे की जाते आहे ते कळत नाही, असा विनोद लोक करत. १९५० साली तीन लाखांहून अधिक मोटारी गेल्या. ते तिचे सर्वात भरभराटीचे वर्ष.

गल्ला भरलेला असताना

आमच्या मते कंपनीचे मरण याच भरभराटीच्या वर्षांत ठरले, १९६३ साली नव्हे. युद्धानंतर जे दिसेल ते चाक खपत होते. काम एक दिवसही थांबू नये म्हणून व्यवस्थापन कामगार संघटनेची प्रत्येक मागणी मान्य करत गेले. मजुरीचा दर जनरल मोटर्स आणि फोर्डपेक्षा वर, आणि तासाला निघणारे काम कमी. यात दोष कामगारांना देणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. मागणे हे मागणाऱ्याचे काम. कारखान्याचा हिशेब ठेवणे मालकाचे. आणि मालकांनी दुसऱ्या हाताने नफ्याचा मोठा वाटा लाभांश म्हणून वाटला. कारखाना तोच जुना, अनेक मजल्यांचा, एका मजल्यावरून दुसऱ्यावर माल चढवण्या-उतरवण्यात वेळ खाणारा. तो बदलायला पैसा होता तेव्हा बदलला नाही. अर्स्किनची चूक वीस वर्षांत विसरली गेली.

१९५३ साली त्यांनी एक अतिशय देखणी दोन दारांची गाडी काढली. अमेरिकेतल्या सुंदर गाड्यांत तिची आजही गणना होते. पण गिऱ्हाईक दोन दारांची मागेल हा अंदाज कोणी बांधलाच नव्हता. तयारी होती चार दारांच्या गाडीची. त्यात पुढचे पत्रे जुळेनात, कारखान्यात काम अडले आणि मागणी करणारा गिऱ्हाईक दुकानातून परत गेला. त्याच सुमारास फोर्ड आणि शेव्हरोले यांची आपापसांत विक्रीची झुंज लागली. त्यांचे विक्रेते भाव पाडू लागले. हत्तींच्या लढाईत झाडे तुटावीत तसे लहान कारखाने चिरडले गेले. १९५४ च्या उन्हाळ्यात साऊथ बेंडच्या कामगारांपुढे मजुरी कमी करण्याचा ठराव आला. त्यांनी आधी तो फेटाळला, मग काही दिवसांतच दुसऱ्या मतदानात मान्य केला. म्हणजे आपला घास कमी करून त्यांनी कारखाना जगवायचा प्रयत्न केला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी पॅकार्ड या उंची मोटारींच्या कंपनीने स्टुडेबेकर विकत घेतली. वह्या नीट तपासल्या त्या नंतर! तेव्हा कळले की खर्च भरून निघायलाच साऊथ बेंडमधून वर्षाला २,८२,००० गाड्या जायला हव्यात. खप त्याच्या जवळपासही नव्हता. बुडणाऱ्याला धरायला गेलेला आधी बुडाला: १९५८ नंतर पॅकार्ड नावाची गाडी निघाली नाही.

१९५९ साली मात्र एक मजेची गोष्ट घडली. नवी गाडी घडवायला पैसे नव्हते. तेव्हा जुन्याच गाडीचा मधला भाग कायम ठेवून तिचे पुढचे व मागचे लांब टोक छाटले आणि ‘लार्क’ नावाची आटोपशीर गाडी बाजारात आणली. ज्यांनी जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवली आहे, त्यांना ही कारागिरी सांगायला नको. लार्क धडाक्याने खपली आणि बऱ्याच वर्षांनी नफा दिसला. तो पैसा पुन्हा मोटारीत घालावा की दुसऱ्या धंद्यात? संचालकांचा कल दुसरीकडे होता. बागकामाचे ट्रॅक्टर, वीज जनित्रे, फरशी घासण्याची यंत्रे, इंजिन तेलात घालायचे द्रव्य असे नाना उद्योग त्यांनी विकत घेतले. १९६० सालच्या लहान गाड्या घेऊन फोर्ड, शेव्हरोले आणि क्रायस्लर तिघेही उतरले आणि लार्कचा बाजार गेला. शेवटी शेरवुड एग्बर्ट या तडफदार अध्यक्षांनी ‘अवंती’ ही फायबरग्लासची गाडी काढली. तिची बॉडी बाहेरून बनून येई आणि तिचे भाग एकमेकांत बसत नसत. गिऱ्हाईक वाट पाहून कंटाळले. पाच हजारही अवंती निघाल्या नाहीत.

९ डिसेंबर १९६३ रोजी साऊथ बेंडचा कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला तिथली शेवटची मोटार निघाली. नाताळच्या तोंडावर हजारो घरांची रोजी गेली. कॅनडातील हॅमिल्टनच्या कारखान्यातून मार्च १९६६ पर्यंत गाड्या निघत राहिल्या. कंपनीने घेतलेले इतर धंदे मात्र त्यानंतरही चालू राहिले. भागधारक पूर्ण बुडाले नाहीत. विक्रेत्यांपैकी अनेकांनाही वाट सापडली. स्टुडेबेकर काही वर्षे जर्मनीच्या मर्सिडीझ गाड्या अमेरिकेत विकत होती. ज्या दुकानदारांनी त्या ठेवल्या होत्या त्यांचे पुढे चांगले चालले. साऊथ बेंडच्या दोन विक्रेत्यांनी तर अवंतीचे हक्क व साचे विकत घेऊन ती गाडी थोड्या संख्येने, हातानेच, पुन्हा बनवायला घेतली.

वाट सापडली नाही ती कामगारांना. कंपनी त्यांच्या निवृत्तिवेतनासाठी एका निधीत पैसे टाकत असे. संघटनेशी करार करताना वेतनाचा आकडा मोठा लिहिला गेला, पण तेवढी रक्कम निधीत जमा नव्हती. ती पुढील तीस वर्षांत हळूहळू भरायची होती. कारखानाच बंद पडल्यावर भरणार कोण? जे निवृत्त झाले होते किंवा साठी गाठून पात्र ठरले होते, अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण रक्कम मिळाली. चाळीस ते साठ या वयातील सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेचे अवघे १५ टक्के हाती आले. या लोकांचे सरासरी वय ५२ वर्षे आणि सरासरी नोकरी २३ वर्षांची! चाळिशीच्या आतील सुमारे २,९०० जणांना काहीच मिळाले नाही. निधी कोणी चोरला नव्हता, कायदाही कोणी मोडला नव्हता. त्या काळी कायदाच तसा होता.

या प्रकरणाने अमेरिकेत वर्षानुवर्षे चर्चा चालली. कामगार संघटनांनी ते लावून धरले आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी निवृत्ती निधींवर सरकारी देखरेख आणणारा, त्यांचा विमा उतरवणारा कायदा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने अस्तित्वात आला. तोवर साऊथ बेंडचे ते बावन्न वर्षांचे कारागीर त्रेसष्ट वर्षांचे झाले होते. कायदा पुढच्यांसाठी होता. त्यांच्या १५ टक्क्यांत त्याने काही भर पडली नाही.