कोरड्या नदीकाठची सायकल

परवा आमच्या चौथीच्या वर्गात मी फळ्यावर ‘वाळवंट’ हा शब्द लिहिला आणि विचारलं, “हे वाचून काय काय आठवतं?” उंट, वाळू, खजूर, तहान... भराभर उत्तरं आली. मी म्हटलं, “आणि सायकल?” सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, चाक वाळूत रुतणार नाही का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. पण गंमत अशी, की वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. जिथे पाऊस फार कमी, ते वाळवंट. मग तिथे खडक असोत, डोंगर असोत, नाहीतर काटेरी झाडंझुडपं. चला, आज अशाच एका वाळवंटात सायकलवरून फेरफटका मारू या.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं राज्य आहे. तिथल्या सोनोरा वाळवंटात टूसॉन हे मोठं शहर आहे. वर्षाकाठी पाऊस ३०० मिलिमीटरहूनही कमी. पुण्यात याच्या दुपटीहून जास्त पडतो! उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तरीही या शहराभोवती सायकलवाले, चालणारे आणि पळणारे यांच्यासाठी डांबरी वाट आहे. तिचं नाव ‘द लूप’, म्हणजे फेरा. सगळ्या फाट्यांसह तिची लांबी २०० किलोमीटरहून जास्त भरते. मोटारींना तिथे मज्जाव!

पुराने दिलेली वाट

ही वाट नद्यांच्या काठाने जाते. एका नदीचं नाव रियीटो, दुसरीचं सांताक्रूझ. हो, आपल्या मुंबईच्या उपनगराचंच नाव! पण या नद्यांमध्ये वर्षातले बरेच दिवस पाण्याचा टिपूस नसतो. पात्रात नुसती वाळू. मग कोरड्या नदीच्या काठी एवढी वाट बांधली कशासाठी?

त्याचं कारण आहे पूर. १९८३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, आठवडाभर आधीच पावसाने भिजलेल्या जमिनीवर वादळी पाऊस कोसळला. कोरड्या नद्या दुथडी भरून वाहू लागल्या. त्यांचे काठ मातीचे. पाण्याने ते खालून पोखरले आणि काठावरची घरं धडाधड पात्रात कोसळली. माणसंही दगावली.

त्यानंतर काठ पक्के करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं गेलं. जागेवरचीच वाळूमाती घ्यायची, तिच्यात सिमेंट कालवायचं आणि थरावर थर दाबत भिंत उभी करायची. भिंतीची देखभाल करायला वरून रस्ता हवाच. त्याच पट्ट्यांवर हळूहळू सायकलींसाठी वाट तयार झाली. म्हणजे बघा, जी नदी घरं घेऊन गेली, तिच्याच काठावर आता मुलं सायकल शिकतात!

काटे आणि पंखवाले

वाटेत दिसतात सवारो नावाचे उंचच उंच निवडुंग. मोठा सवारो १२ मीटरपर्यंत, म्हणजे चार मजली घराएवढा. त्याच्या अंगावर उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात, घड्या पसरतात आणि निवडुंग चक्क जाडजूड होतो. त्याला पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात. म्हणजे हात फुटलेला सवारो दिसला, की समजावं, हे आपले आजोबा!

पण सायकलस्वाराचा खरा शत्रू सवारो नव्हे. तो आहे सराटा. तोच, जो आपल्या माळरानावर अनवाणी पायात घुसतो! समुद्रापलीकडून अमेरिकेत पोचलेलं हे रोप तिथे टायर पंक्चर करतं. म्हणून तिथले लोक ट्यूबमध्ये एक चिकट द्राव भरून ठेवतात. भोक पडलं की तो तिथे जमतो आणि भोक बुजवतो.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी रियीटो नदीवरच्या एका पुलाजवळ सायकली थांबतात. पुलाच्या फटींत हजारो वटवाघळं राहतात. दिवस मावळला की त्यांचा थवा धुरासारखा बाहेर पडतो, किडे टिपायला.

दोन नियम

पहिला नियम पाण्याचा. कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो. अंग ओलं लागत नाही, म्हणून पाणी कमी होतंय हे कळतच नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच निघायचं, तहान लागण्याआधीच घोट घ्यायचा आणि निम्मं पाणी संपायच्या आत घराकडे वळायचं.

दुसरा नियमही पाण्याचाच! लूपची वाट अनेक ठिकाणी मोटाररस्त्याच्या पुलाखालून जाते, म्हणजे रस्ता ओलांडावा लागत नाही. पण तिथेही जून ते सप्टेंबर पावसाळा असतो आणि त्याला ‘मान्सून’च म्हणतात. पाऊस दूर डोंगरावर पडतो, इथे डोक्यावर ऊन असतं आणि कोरड्या पात्रात एकाएकी लोंढा येतो. अशा वेळी पुलाखालची वाट बंद ठेवतात. ‘एवढंसं तर पाणी आहे’ म्हणून उतरायचं नाही. अ‍ॅरिझोनात १९९५ पासून कायदाच आहे. अडथळा ओलांडून कुणी मोटार पाण्यात घातली आणि अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो.

तुम्ही करून पाहा

दोन सारखे रुमाल भिजवून पिळा. एक उन्हात वाऱ्यावर टाका, दुसरा घरात सावलीत. कुठला आधी वाळतो आणि किती वेळात, ते वहीत लिहा. घाम कुठे जातो, ते कळेल.

आणि येत्या रविवारी आईबाबांना घेऊन, सकाळच्या उन्हात, जवळच्या ओढ्याच्या किंवा नाल्याच्या काठाने सायकलने चक्कर मारा. निघण्यापूर्वी ब्रेक आणि हवा तपासा. तो ओढा आता कोरडा असेलही. पात्रात उतरू नका. तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा, “सगळ्यात मोठा पूर आला, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?” ते बोट दाखवतील ती जागा नीट लक्षात ठेवा. तिथे आज काय आहे, घर, दुकान की मैदान, तेही पाहा आणि सोमवारी तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना सांगा.