पहाटे जागे करणारी कंबरदुखी

गेल्या वर्षी दवाखान्यात सव्वीस वर्षांचा एक तरुण आला. सोबत आई होती आणि हातात एक्स-रेचा जाड लिफाफा. चार वर्षांपासून कंबर दुखत होती. कुणी उसण भरली म्हणून तेल चोळून दिले. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून झाला. एका ठिकाणी पट्टा देऊन तीन आठवडे अंथरुणावर सक्त विश्रांती सांगितली. त्या तीन आठवड्यांत दुखणे कमी होण्याऐवजी वाढलेच.

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा पहाटे चारला उठतो आणि अंगणात येरझारा घालतो. तासभर चालला की मोकळा होतो. दिवसा कामही करतो. म्हणून घरातले म्हणतात, हा कामचुकार आहे, याला काही झालेलं नाही."

खरे तर आईच्या या चार वाक्यांतच निदान होते. मी विचारले, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" ती म्हणाली, "याच्या मामाला. चाळिशीतच वाकला. मान वळत नाही, कुणाशी बोलायचं तर अख्खं अंग वळवतो."

या आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. पाठीच्या कण्याचा हा एक संधिवात आहे. संधिवात म्हटले की आपल्याला म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आठवतात. हा आजार मात्र बहुधा ऐन विशी-तिशीत सुरू होतो.

कण्याची बांधणी

हा आजार समजायचा तर आपले धड कसे बांधले आहे ते पाहिले पाहिजे. कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके असतात. त्याखाली ५ मणके एकजीव होऊन त्रिकास्थी बनते आणि शेवटी माकडहाड. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या मागून जोडलेल्या असतात. त्यातल्या बहुतेक पुढे कूर्चेच्या साहाय्याने छातीच्या मधल्या हाडाला मिळतात. आपण श्वास घेतो तेव्हा हे सगळे सांधे किंचित हलतात, म्हणून छाती फुगते.

मांडव घालताना बांबूला बांबू काथ्याने बांधतात. तसे ही हाडे एकमेकांशी चिवट, लवचिक बंधांनी बांधलेली असतात. यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. त्रिकास्थी आणि कंबरेची दोन मोठी हाडे यांच्यामधले उजवे-डावे सांधे विशेष महत्त्वाचे. धडाचा सारा भार त्यांच्यातूनच पायांकडे जातो. ते फारसे हलत नाहीत आणि शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी काही इथेच आहेत.

आजारात काय होते?

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात, नेमक्या त्या जागी दाह सुरू होतो. सुरुवात बहुधा त्रिकास्थीच्या दोन सांध्यांपासून होते. म्हणून दुखणे कंबरेच्या अगदी खाली, कुल्ल्यात जाणवते. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. काही जणांची टाच दुखते, कारण तिथेही स्नायूचा दोर हाडाला चिकटलेला असतो. बरगड्यांचे सांधे धरले तर खोल श्वास घेताना, शिंकताना छातीत कळ येते.

दाह वर्षानुवर्षे राहिला तर शरीर त्या जागी नवे हाड तयार करते. लवचिक काथ्याच्या जागी जणू सिमेंट भरले जाते. मणके एकमेकांना जखडतात. एक्स-रेमध्ये असा कणा पेरांच्या बांबूसारखा दिसतो आणि डॉक्टर त्याला 'बांबू स्पाइन' असेच म्हणतात. कणा पुढे वाकलेल्या स्थितीत जखडला तर माणूस कायमचा वाकतो. शिवाय असा कणा ठिसूळ असतो, साध्या पडण्यानेही मोडू शकतो. मात्र प्रत्येक रुग्ण या टोकाला जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

रशियातील बेख्तेरेव, जर्मनीतील श्ट्रुम्पेल आणि फ्रान्समधील मारी या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे तपशीलवार वर्णन केले. पुढे १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांना एचएलए-बी २७ या आनुवंशिक घटकाशी त्याचा संबंध आढळला. मामा-भाच्याचे कोडे इथे उलगडते. पण रक्तात हा घटक असणाऱ्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे केवळ रक्ताचा अहवाल पाहून घाबरू नये आणि केवळ त्यावर निदानही करू नये.

साधी कंबरदुखी की हा आजार?

ओझे उचलून, खड्ड्यातून गाडी हाणून होणारी कंबरदुखी कामाने वाढते आणि पडून राहिले की थांबते. या आजारात नेमके उलटे असते. पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत.

दुखणे चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झाले का? तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले आहे का? उत्तररात्री दुखण्याने जाग येते का? सकाळी कंबर अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडलेली असते का? हालचालीने बरे वाटते आणि विश्रांतीने वाटत नाही, असे होते का? यातल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर 'हो' असेल तर तपासणी करून घ्यावी.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून ताठ उभे राहा, नजर सरळ ठेवा. डोक्याचा मागचा भाग सहज भिंतीला टेकला पाहिजे. दुसरे, शिंप्याची टेप स्तनाग्रांच्या रेषेत छातीभोवती धरा. श्वास पूर्ण सोडून एकदा आणि पूर्ण भरून एकदा मोजा. निरोगी तरुणात साधारण ५ सेंटीमीटरचा फरक पडतो. अडीच सेंटीमीटरहून कमी असेल तर डॉक्टरांना सांगा. मात्र सुरुवातीच्या काळात या दोन्ही चाचण्या ठीक येऊ शकतात.

डोळा एकाएकी लाल होऊन दुखणे आणि उजेड सहन न होणे हेही या आजाराचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, अन्यथा दृष्टीला धोका संभवतो.

पहिली काही वर्षे एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी एमआरआय तपासणीत दाह दिसू शकतो. हा आजार फक्त पुरुषांचा असा जुना समज होता. तो चुकीचा आहे. स्त्रियांनाही तो होतो आणि बाळंतपणानंतरची कंबर म्हणून दुर्लक्षिला जातो.

उपचार

आजार मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहतो. पहिले औषध म्हणजे व्यायाम. रोज पाठ मागे ताणण्याचे व्यायाम, दीर्घ श्वसन आणि शक्य असल्यास विहिरीत वा तलावात पोहणे. भुजंगासन, शलभासन जाणकाराकडून शिकून करावे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे पालथे पडावे. अंथरूण टणक आणि उशी पातळ असावी. कणा जखडू लागलेल्यांनी पाठीवर पाय मारून घेणे, मान-कंबर झटक्याने मोडून घेणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. विडी-सिगारेटने आजार बळावतो, ती बंद करावी.

दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. पण त्या जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेऊ नयेत. या गोळ्यांनी भागले नाही तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेली जैविक इंजेक्शने उपयोगी पडतात. त्यांनी दबलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक असते.

एक इशारा द्यायला हवा. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणे, पायातली शक्ती जाणे किंवा लघवी अडकणे असेल तर त्याचे कारण कण्याचा क्षय वा मज्जारज्जूवरचा दाब असू शकते. तेव्हा व्यायाम करत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. छातीत दुखत असेल तर 'बरगडीचे असेल' असे स्वतःच ठरवू नये. आधी ईसीजी काढावा.

आमच्या या तरुणाला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. सहा महिन्यांनी आई एकटीच आली. म्हणाली, "आता सहाला उठवावं लागतं त्याला." मामाचा कणा मात्र आता सुटणार नाही. त्याला वेळेवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

घरात एखादा तरुण पहाटे उठून अंगणात येरझारा घालत असेल तर त्याला कामचुकार म्हणू नका. कंबर कधी दुखते आणि कशाने थांबते, एवढे त्याला विचारा.