असं का होतं? : घाटात धापा टाकणारी पिकअप

शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढणाऱ्या दोन पिकअप बघा. इंजिन, गिअरबॉक्स सारखेच, मालही तेवढाच. तरी एक सहज चढते, दुसरी धापा टाकते. फरक मागच्या ॲक्सलमधल्या दात्यांत असू शकतो.

तिथे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. पिनियनला १० दाते, क्राऊनला ४१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१ फेरे. हा आकडा मोठा, तर ओढ जास्त; पण सपाटीवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार, डिझेलही जास्त पिणार. नंदुरबारची मिरची घेऊन सुरतेचा हायवे धरणाऱ्याला लहान आकडा बरा. धडगावचे चढ रोजचेच असतील, तर मायलेजचा मोह सोडावा, असं माझं मत.

त्याच ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं काम वेगळं. मळणीची पात आठवा (पाहिली असेल तर!): मधल्या खांबाजवळचा, म्हणजे मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा, कडेचा मात्र लांब पल्ला तोडतो. वळणावर बाहेरच्या चाकाचंही तसंच. डिफरन्शियल दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतं. खोड एकच: एक चाक चिखलात निसटलं की तेच गरगरतं, दुसरं ढिम्म. उपाय म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारं लॉक. चिखलातून बाहेर पडल्यावर ते सोडायला मात्र विसरू नका. नाहीतर कोरड्या डांबरावर वळताना टायर घासतात.