नकलेवरील आळ

सोयगावच्या तहसील कचेरीच्या आसपासच्या सेवा केंद्रांत सातबाराचा उतारा काढताना पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि रांगेतला शेतकरी खोळंबला, की ‘सर्व्हर डाऊन आहे’ या ठरलेल्या उत्तरापाठोपाठ अलीकडे एक तांत्रिक कारणही सांगितले जाते. आणि छत्रपती संभाजीनगरला वा पुण्याला संगणकशास्त्र शिकून सुटीत घरी येणारी आमच्या तालुक्यातील मुलेही तेच कारण मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारतात. ते असे, की दप्तर आता क्लाउडवर गेले, क्लाउडवरील यंत्रे आभासी असतात, आभासी यंत्राचा नेटवर्क ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटची मेमरीत एक जादा नक्कल करतो, आणि ही नक्कल तेवढी टाळली की सारे सुरळीत होईल. यातील नक्कल होते हे खरे. परंतु विलंबाचे खापर तिच्या माथी फोडणे हे साध्या त्रैराशिकापुढेही टिकत नाही, आणि तरी ते इतक्या वेळा कानी पडते की आता स्वस्थ बसवत नाही.

उताऱ्याची फाइल दोन लक्ष बाइटांची आहे असे धरा. सेकंदाला ५ अब्ज बाइट या आजच्या प्रोसेसरला माफक असलेल्या दराने तिची संपूर्ण नक्कल ४० मायक्रोसेकंदांत होते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे येथून मुंबईच्या अंतराइतके ४०० किलोमीटर कापावयास त्याला एका दिशेने २,००० मायक्रोसेकंद लागतात, आणि एक पान उघडावयास अशा फेऱ्या अनेक होतात. वाटेतील तुटक केबल, गर्दीचा टॉवर, डेटाबेसपुढील रांग ही कारणे तर याहून कितीतरी मोठी. त्या सर्वांना निर्दोष सोडून ड्रायव्हरला पकडणे हा निव्वळ अन्याय आहे.

मग ड्रायव्हरमध्ये वेळ जातो तो कशात? १० गिगाबिटच्या वाहिनीवरून ६४ बाइटांची लहान पॅकेटे अखंड येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लक्ष ८० हजार पॅकेटे येतात. प्रत्येकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, अर्थात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरची दोनशेच चक्रे. कॅशमध्ये न सापडलेली एक नोंद मुख्य मेमरीतून आणावयाची म्हटली तरी जवळजवळ एवढाच अवधी खर्ची पडतो, आणि आभासी यंत्रातून बाहेर पडून होस्टकडे, म्हणजे ते चालविणाऱ्या मूळ यंत्राकडे, नियंत्रण सोपविण्यास हजारभर चक्रे लागतात. त्यामानाने ६४ बाइट, म्हणजे कॅशची एक ओळ, हलविणे हे किरकोळ काम. खर्च आहे तो दर पॅकेटमागील बफर, म्हणजे ते ठेवण्यापुरती मेमरी, मागण्याचा, तो परत करण्याचा, त्याच्या वर्णनाच्या नोंदी वाचण्याचा आणि दुसऱ्या बाजूस सूचना देण्याचा. प्रत्येक अर्जागणिक घंटी वाजवून शिपायाला बोलावणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर कामे तुंबतात ती अर्जांच्या जाडीमुळे तुंबत नाहीत; म्हणूनच व्हर्टिओ या पद्धतीत, जी रस्टी रसेल यांनी २००८ च्या सुमारास लिनक्सपुढे मांडली, आभासी यंत्र आणि होस्ट या उभय पक्षांनी सामायिक मेमरीतील चक्राकार रांगेत पुष्कळ नोंदी एकदम करून सूचना शक्य तितक्या कमी द्याव्यात अशी तजवीज आहे.

नक्कल टाळण्याचा प्रयोग कोणी केलाच नाही असे समजू नये. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणालीचा २००३ मध्ये जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात आलेल्या पॅकेटची नक्कल न करता, ते ज्या पानात उतरले ते मेमरीचे पानच आभासी यंत्राच्या ताब्यात द्यावे आणि मोबदल्यात त्याचे एक रिकामे पान घ्यावे अशी योजना होती. कागदावर ही योजना अत्यंत सुंदर दिसते. परंतु पानाचा ताबा बदलावयाचा म्हणजे पत्त्यांची कोष्टके बदलावी लागतात, प्रोसेसरने जवळ बाळगलेल्या जुन्या पत्त्यांच्या नोंदी रद्द कराव्या लागतात, आणि हे सारे दर पानामागे. तेव्हा २००६ च्या युसेनिक्स परिषदेत मेनन, कॉक्स आणि झ्वेनेपोल यांनी मोजमाप करून, पॅकेट स्वीकारण्याच्या मार्गावर पानांची ही अदलाबदल काढून तेथे सरळ नक्कल करण्याची सुधारणा सादर केली, आणि २००७ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये झेनचा नेटवर्क ड्रायव्हर दाखल झाला तो नकलेचाच मार्ग स्वीकारून. जी गोष्ट इतक्या वर्षांपूर्वी मोजून निकालात निघाली, ती आज नवा शोध म्हणून सांगितली जावी याचा खेद वाटतो.

ही गोष्ट झेनपुरतीच नाही. लिनक्सच्या व्हर्टिओ ड्रायव्हरचा मूळ कोड उघडून पाहिल्यास तेथे १२८ बाइटांची एक मर्यादा लिहिलेली आढळते. पॅकेट तेवढ्यात मावणारे असेल तर ड्रायव्हर ते बुद्ध्याच नकलून घेतो, कारण त्यामुळे मोठे पान लगेच मोकळे होते. लहानशा निरोपासाठी ४,०९६ बाइटांचे पान अडवून ठेवणे ही खरी उधळपट्टी ठरली असती.

नक्कल टाळण्याने लाभ कधीच होत नाही, असे मात्र माझे म्हणणे नाही. लिनक्समध्ये २०१७ पासून सॉकेटवरून नकलेवाचून डेटा पाठविण्याची सोय आहे, आणि मोठ्या फाइलींच्या वाहतुकीत ती उपयोगी पडते. परंतु तिच्या अधिकृत दस्तऐवजातच म्हटले आहे की पाने जखडून ठेवण्याचा हिशेब आणि काम पुरे झाल्याची सूचना यांचा बोजा पडत असल्याने ही सोय साधारणतः १० किलोबाइटांहून मोठ्या लेखनासच फलदायी ठरते. होस्टच्या बाजूच्या व्हीहोस्ट-नेट या लिनक्सच्या भागातील अशीच सोय २०१९ मध्ये मूळ स्थितीत बंद ठेवण्याचा निर्णय झाला.

इतर समजुतींना फारशी जागा देण्याचे कारण नाही. यंत्राला रॅम वाढवून दिली की पॅकेटे वेगाने धावतात हे खोटे. रांगेत मावतील तितकेच बफर एका वेळी कामी येतात. मग रांगच लांबवावी, हेही अर्धसत्य आहे, कारण लांब रांगेने पॅकेटांची गळती कमी होते पण प्रतीक्षा वाढते, आणि बफरांचा पसारा कॅशबाहेर गेला की दर पॅकेटचा खर्चही चढतो. सतत चौकशी करीत राहणारा ड्रायव्हर प्रोसेसर वाया घालवितो हे विधान शांत यंत्राबाबत ठीक आहे. परंतु भार असताना लिनक्स व्यत्ययाच्या सूचना थांबवून एका फेरीत ६४ पर्यंत पॅकेटे उचलतो आणि काम सरले की सूचना पुन्हा सुरू करतो.

एवढे वाचूनही ज्यांचा संशय नकलेवरच असेल, त्यांनी भर कामाच्या वेळी त्या यंत्रावर ‘पर्फ’ हे साधन चालवून प्रोसेसरची चक्रे कोणत्या फलनात खर्च होतात ती यादी पाहावी. तिच्या अग्रभागी मेमरी नकलणारे फलन दिसले आणि पाठवावयाचा डेटा मोठ्या तुकड्यांचा असला, तर त्या यंत्रापुरता माझा युक्तिवाद मागे घेऊन नक्कल टाळण्याची सोय अवश्य आजमावावी. तेथे बफर देणारी-घेणारी फलने वा होस्टकडे जाण्याचे खर्च दिसले, तर सूचनांची संख्या आणि बफरांचा पुनर्वापर यांत हात घालावा. आणि प्रोसेसर बहुतांश रिकामाच आढळला, तर ड्रायव्हरला सोडून वाटेवरील केबल आणि डेटाबेसपुढील रांग यांची चौकशी सुरू करावी.