पसंतीला आणलेला शालू डागाळला, तर नुकसान कोणाचे?

वऱ्हाडात कापूस घरी आला की लग्नाच्या याद्या होऊ लागतात. तुळशीचे लग्न आटोपल्यापासून अकोल्याच्या कापड बाजारात बस्ता बांधण्यासाठी अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर या तालुक्यांतील कुटुंबांची रीघ लागते. बस्त्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वधूचा शालू. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,५२१ रुपये होती. त्या हिशेबाने पंधरा हजार रुपयांचा एक शालू म्हणजे सुमारे दोन क्विंटल कापूस होय.

समजा, असा शालू घरी आणला, पण वधूच्या आजीला त्याचा रंग मानवला नाही. उद्या तो परत करावयाचा असे ठरले, आणि त्याच रात्री कोणाच्या तरी हळदीच्या हाताचा ठसा पदरावर उमटला. आता हे नुकसान कोणी सोसावयाचे? दुकानदार म्हणतो, "माल तुमच्या घरी खराब झाला." ग्राहक म्हणतो, "आम्ही तर तो परतच करणार होतो." असे वाद क्वचितच न्यायालयापर्यंत जातात. ते गावातच, सरपंचांच्या किंवा शिक्षकांच्या ओसरीवर येतात. म्हणून या बाबतीत कायदा काय सांगतो, हे गावातील जाणत्या मंडळींस ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रथम प्रश्न मालकीचा

मालाच्या खरेदी-विक्रीचा मूळ कायदा म्हणजे १९३० चा माल विक्री अधिनियम. त्याच्या कलम २६ मधील तत्त्व सोपे आहे. अन्यथा ठरलेले नसेल, तर वस्तूची मालकी ज्याच्याकडे, तिच्या नुकसानीचा धोकाही त्याच्याकडेच. वस्तू कोणाच्या घरात आहे यापेक्षा ती त्या क्षणी कोणाच्या मालकीची आहे, हे महत्त्वाचे ठरते. यास्तव वाद सोडविताना "डाग कोणी पाडला?" हे विचारण्यापूर्वी "शालू विकला गेला होता काय?" हे विचारले पाहिजे.

पसंतीसाठी नेलेला माल

ओळखीच्या ग्राहकास चार-पाच नग घरी नेऊ देण्याची पद्धत कापड बाजारात जुनी आहे. घरच्या मंडळींना दाखवावे, पसंत पडेल तो ठेवावा, बाकीचे परत करावेत. या व्यवहाराची दखल उपरोक्त अधिनियमाच्या कलम २४ मध्ये घेतलेली आहे. पसंतीसाठी किंवा 'विका अथवा परत करा' या अटीवर दिलेल्या मालाची मालकी लगेच ग्राहकाकडे जात नाही. ती पुढील तीन प्रसंगी जाते. ग्राहकाने पसंती कळविली तर. माल आपलासा केल्याचे दिसेल असे काही कृत्य केले तर. किंवा ठरलेली मुदत नकार न कळविता उलटून गेली तर. मुदत ठरलेली नसेल, तर वाजवी कालावधी उलटल्यावर मालकी ग्राहकाकडे जाते.

यांतील दुसरा प्रसंग नीट ध्यानात घ्यावयास हवा. शालूला फॉल लावून पिको करून घेणे, ब्लाउजचे कापड कापणे किंवा साखरपुड्यात तो नेसणे, ही सर्व माल आपलासा केल्याची लक्षणे होत. आरशासमोर क्षणभर खांद्यावर टाकून पाहणे हे मात्र तसे नव्हे. त्यासाठीच तर माल घरी दिलेला असतो.

मुदतीच्या आत, ग्राहकाची काही चूक नसता वस्तूचे नुकसान झाले, तर ते दुकानदाराचे. १८८० साली इंग्लंडमध्ये निकाली निघालेला एल्फिक विरुद्ध बार्न्स हा खटला या बाबतीत आजही सांगितला जातो. आठ दिवसांच्या पसंतीवर दिलेला घोडा तिसऱ्याच दिवशी, घेणाऱ्याचा काही दोष नसताना मरण पावला. विक्री पूर्ण झालेली नसल्यामुळे घेणाऱ्यावर किमतीची जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

परंतु हळदीचा हात हा घोड्याच्या मृत्यूसारखा दैवाधीन नाही. येथे १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमातील कलम १५१ लागू पडते. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा मनुष्य तशाच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली पाहिजे. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर कलम १५२ प्रमाणे तो जबाबदार राहत नाही. कपाटात नीट ठेवलेला शालू शेजारच्या घरातून पसरलेल्या आगीत सापडला, तर ग्राहकास दोष देता येणार नाही. तोच शालू हळद कालविली जात असलेल्या खोलीत उघडा टाकला असेल, तर काळजी घेतली असे म्हणता येणार नाही. भरपाई द्यावी लागेल. भरपाई म्हणजे दर वेळी पूर्ण किंमत असे मात्र नाही. डाग निघत असेल तर धुलाईचा खर्च, डाग राहून माल कमी भावात विकावा लागत असेल तर भावातील फरक, आणि माल विकण्यायोग्यच उरला नसेल तर पूर्ण किंमत, असा हिशेब न्याय्य ठरतो. दोन दिवसांत परत करावयाचा नग आपल्या हयगयीने आठवडाभर घरी राहिला, तर पुढच्या नुकसानीत ग्राहकाची बाजू फारच लंगडी पडते.

पैसे देऊन घेतलेला माल

पावती करून, पैसे देऊन घेतलेल्या शालूची गोष्ट निराळी आहे. येथे विक्री पूर्ण झालेली असते. केवळ रंग आवडला नाही म्हणून निर्दोष वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्या कायद्याने ग्राहकास दिलेला नाही. "आठ दिवसांत बदलून मिळेल" असे दुकानदाराने सांगितले वा पावतीवर छापले असेल, तर ते त्याने दिलेले वचन होय आणि ते त्याने पाळले पाहिजे. पण त्या वचनात वस्तू जशी नेली तशीच परत यावी, ही अपेक्षा असतेच. हळदीचा डाग पडला की ती सवलत मागण्याचा आधार सुटतो. परत करण्याचा इरादा कितीही प्रामाणिक असो, शालू ग्राहकाच्या मालकीचा होता आणि नुकसानही त्याचेच.

माल मुळातच सदोष असेल तर

तिसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. शालूची वीण विरळ निघाली, अस्सल रेशीम म्हणून दिलेला कृत्रिम धाग्याचा निघाला, म्हणून तो परत करावयाचा होता. तेवढ्यात त्यावर चहा सांडला. अशा वेळी दुकानदार चहाच्या डागाकडे बोट दाखवून मूळ दोषाबद्दलही हात झटकू पाहतो. हे बरोबर नव्हे.

वर्णनाप्रमाणे आणि विक्रीयोग्य दर्जाचा माल देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तर सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. पावती न देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. चहा सांडल्यामुळे शालू आहे तसा परत करणे कठीण झाले, तरी मूळ दोषाची भरपाई मागण्याचा मार्ग बंद होत नाही. माल विक्री अधिनियमाच्या कलम ५९ नुसार ग्राहकास त्या दोषापुरती किंमत कमी करून मागता येते किंवा नुकसानभरपाईचा दावा करता येतो. थोडक्यात, विणीचा दोष विक्रेत्याकडे आणि चहाचा डाग ग्राहकाकडे, असे दोन हिशेब वेगळे मांडावेत. मात्र दोष दिसताच तो कळविणे आणि दोषाचे छायाचित्र काढून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. डाग पडल्यानंतर प्रथमच दोषाची तक्रार केल्यास तिच्यावर विश्वास बसणे कठीण.

भ्रमणध्वनीवरून मागविलेल्या कपड्यांसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. परतीच्या अटी आधी स्पष्टपणे दाखविणे विक्रेत्यास बंधनकारक असून, सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास त्यास नकार देता येत नाही. पुडके उघडतानाच छायाचित्र घेतल्यास पुढील वाद टळतात.

पावतीवर छापलेली ओळ

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ अनेक पावत्यांवर आढळते. निर्दोष मालाच्या बाबतीत तिला अर्थ आहे. परंतु कायद्याने दिलेला हक्क छापील ओळीने हिरावून घेता येत नाही. कपड्यांच्याच संदर्भात मद्रास उच्च न्यायालयाचा लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी हा निकाल १९६६ च्या न्यायनिर्णय संग्रहात प्रसिद्ध आहे. धुलाईसाठी दिलेली नवी साडी धुलाई केंद्राकडून हरवली. वस्तू हरवल्यास बाजारभावाच्या निम्मीच रक्कम मिळेल, अशी अट पावतीच्या मागे छापलेली होती. स्वतःच्या निष्काळजीपणाचा लाभ करून देणारी अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने मानले. पावतीवर छापले म्हणजे सर्व काही बंधनकारक झाले, हा समज दुकानदारानेही सोडावा आणि ग्राहकानेही.

डाग पडल्यावर काय करावे?

बहुतेक नुकसान डागाने होते त्याहून अधिक घाईच्या उपायांनी होते. हळदीतील पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि धाग्याला घट्ट धरून बसते. साबण लावताच ते लालसर होते आणि मूळचा लहान ठसा मोठा दिसू लागतो. उन्हाने हा रंग फिका पडतो हे खरे. परंतु वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन रेशमाचा रंगही उडविते. जरीच्या तारेत चांदी वा तांबे असल्यास ओलाव्याने ती काळवंडते. म्हणून जी वस्तू परत करावयाची आहे, तिच्यावर घरगुती प्रयोग करू नयेत. स्वच्छ कोरड्या सुती कापडाने डाग केवळ टिपावा, चोळू नये. वस्तू सावलीत ठेवावी आणि त्याच दिवशी दुकानदारास कळवावे. रेशमाची धुलाई जाणणाऱ्या कारागिराकडे दोघांच्या संमतीने ती पाठवावी. बारीक फाटले असल्यास कुशल रफूगर शालूच्याच काठाआडचा धागा काढून वीण जुळवितो.

डाग लपवून, घडी उलटी घालून माल परत करण्याचा मोह काहींना होतो. हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे. ठाऊक असलेली गोष्ट दडवून दुसऱ्यास व्यवहारास प्रवृत्त करणे हे संविदा अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे कपट ठरू शकते. शिवाय तो शालू पुढे दुसऱ्याच एखाद्या वधूच्या बस्त्यात जातो आणि तिच्या घरी तो उघडल्यावर दोष दुकानदाराच्या माथी बसतो. उलट, दुकानात जाऊन सरळ सांगणाऱ्या ग्राहकासाठी धुलाईचा खर्च वाटून घेणे, किंचित कमी भावात तोच नग ठेवणे किंवा फरक भरून दुसरा घेणे, असे मधले मार्ग खुले राहतात. पुढच्या लग्नालाही त्याच दुकानात यावयाचे असते, हे दोघेही जाणतात.

समजुतीने न मिटल्यास

सदोष मालाबद्दल किंवा दिलेले वचन न पाळल्याबद्दल ग्राहकास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीस शुल्क नाही; वकील देणे सक्तीचे नाही; कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येत असल्याने, पुण्या-मुंबईत घेतलेल्या शालूसाठी अकोल्याच्या रहिवाशास तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. दोष तपासणीशिवाय ठरविता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून तक्रारीतील वस्तू धुवू नये, रफू करू नये. आहे त्या स्थितीत जपून ठेवावी.

वाद होऊच नये यासाठी मात्र फार काही लागत नाही. माल पसंतीसाठी दिला असल्यास दुकानदाराने साध्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते नग, कोणत्या भावाचे, आणि कोणत्या दिवसापर्यंत परत यावयाचे. त्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. नग हाती घेताना ते दुकानातच उजेडात उलगडून पाहावेत. ग्रामसभेत किंवा पालकांच्या बैठकीत, लग्नसराईच्या तोंडावर, सरपंचांनी आणि शिक्षकांनी एवढे समजावून सांगितले, तर दोन क्विंटल कापसाच्या मोलाचा वाद एका चिठ्ठीवर मिटू शकेल.