भांड्याचा गुण अन्नाला

अन्नातून विषबाधा झाल्याची बातमी आली की तिच्यामागून होणारी चौकशी बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. आचाऱ्याने हात धुतले होते काय, पाणी कोठले होते, अन्न किती वेळ उघडे राहिले, असे प्रश्न विचारले जातात. एखाद्या कामगाराला दूर केले जाते आणि प्रकरण मिटते. हे प्रश्न गैरलागू आहेत असे नाही. परंतु ते अन्न ज्या कढईत शिजले, ज्या नळीतून वाहिले वा ज्या पात्याखालून गेले ती वस्तू कशाची बनली होती आणि ती मुळात स्वच्छ होऊ शकत होती काय, हे क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः मोठ्या प्रमाणावर अन्न तयार करणाऱ्या कारखान्यात स्वच्छतेचा बराचसा निकाल कामगार आत पाऊल टाकण्यापूर्वीच, यंत्राची खरेदी होते त्या दिवशीच लागलेला असतो.

जुन्या पिढ्यांना याची अगदीच जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. पितळी भांड्यात ताक राहिले तर ते कळकते, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नसे. त्या विकारासाठी भाषेने एक स्वतंत्र क्रियापदच घडवून ठेवले आहे. आंबट पदार्थातील आम्लाने तांबे विरघळते व अन्नात उतरते, हे त्यामागील रसायन. त्यावर उपाय कल्हईचा. भात्यावर भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाचा पातळ मुलामा फिरवणारा कल्हईवाला हा खऱ्या अर्थाने अन्नसुरक्षेचा कारागीर होता. परंतु कथील मऊ असते. घासता घासता ते झिजते आणि खालचे तांबे उघडे पडते. अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९५५ च्या नियमांतही गंजलेली भांडी, टवके उडून गंजलेली एनॅमलची भांडी आणि नीट कल्हई न केलेली तांब्यापितळेची भांडी यांत तयार केलेले अन्न खाण्यास अयोग्य समजावे, असे नमूद होते.

भांड्याचा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, याचे दारुण उत्तर पुण्यातून मिळाले. कोवळ्या वयाच्या बालकांचे यकृत निकामी करणारा एक रोग या देशात दीर्घकाळ ठाण मांडून होता. ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ असे देशाचेच नाव त्याला चिकटले होते. रोगी बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कमालीचे वाढलेले आढळे. ते येते कोठून? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या कोड्याचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडले त्याचा मथितार्थ असा की, बाळाला फार लवकर वरचे दूध सुरू होते आणि ते तांब्यापितळेच्या भांड्यात तापवले वा साठवले जाते, हे या रोगाचे संभाव्य कारण होय. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. घराघरांतील भांडी बदलत गेली आणि जो रोग एकेकाळी बालरुग्णालयांत नित्याचा होता, तो दुर्मिळ झाला.

हा केवळ भारतीय अज्ञानाचा प्रकार होता असे मानण्याचे कारण नाही. ऑस्ट्रियातील टायरॉल या डोंगराळ प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ बालके दगावल्याचे १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतून बाळांना दिले जात होते. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. या रोगात आनुवंशिकतेचाही वाटा असावा असे संशोधकांचे मत आहे. तथापि अनुवंश बदलणे मानवाच्या हाती नव्हते; भांडे बदलणे होते.

येथे तांब्याला सरसकट दोषी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जंतू तग धरू शकत नाहीत, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले सत्य आहे. स्वच्छ पाण्यासाठी जो धातू गुणकारी, तोच आंबट ताकाला व बाळाच्या दुधाला घातक. धातूचा गुणदोष त्यात काय ठेवावयाचे, किती वेळ ठेवावयाचे आणि ते भांडे कशाने धुवावयाचे यावर ठरतो. घरातले पातेले पाचसहा माणसांना पुरते. दुग्धशाळेतील टाकी वा खानावळीतला टोप शेकडो-हजारोंच्या पोटाशी बांधलेला असतो. म्हणूनच हा विचार घरापेक्षा कारखान्यात अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा.

पोलादाची झळाळी

अन्नउद्योगाचा चेहरा ज्या धातूने पालटला त्याचा शोध १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांच्या हातून लागला, तोही बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत या खटाटोपात. लोखंडात क्रोमियमचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्क्यांवर गेले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायू मिळताच तो पापुद्रा पुन्हा सांधतो. हेच स्टेनलेस स्टील. कल्हई कल्हईवाल्याकडून पुनःपुन्हा करून घ्यावी लागे. येथे धातू स्वतःच आपली कल्हई करतो, असे म्हणता येईल.

या धातूचे दुसरे सामर्थ्य त्याच्या धुण्यात आहे. दूध तापवणाऱ्या यंत्रात प्रथिने, स्निग्धांश आणि खनिज क्षार यांचा कठीण थर साचतो. स्निग्धांश व प्रथिने काढण्यासाठी कॉस्टिक सोड्यासारखा अल्क लागतो, तर क्षार काढण्यासाठी नायट्रिक आम्लासारखे आम्ल. स्टेनलेस स्टील हे दोन्ही सोसते. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा खाऊन टाकतो. साहजिकच ॲल्युमिनियमचे भांडे सौम्य द्रावणानेच धुवावे लागते. म्हणजे यंत्र किती स्वच्छ होईल, हे धुणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून नसून, यंत्राचा धातू कोणते द्रावण सहन करील यावरही अवलंबून असते. धातू निवडताना स्वच्छतेची मर्यादाही निवडली जाते.

परंतु सगळेच स्टील एका जातीचे नाही, आणि येथेच ग्राहकाची गफलत होते. अन्नउद्योगात मान्यता पावलेल्या ३०४ क्रमांकाच्या जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. मीठ आणि आम्ल एकत्र आले, की लोणच्याच्या कारखान्यात येतात तसे, तर तीही कालांतराने बारीक खड्ड्यांनी पोखरली जाते. तेथे मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही जात लागते. उलट महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेली २०० या मालिकेतील स्वस्त जातही बाजारात ‘स्टील’ याच नावाने मिळते. ती गंजाला तितकी दाद न देणारी नाही. लोहचुंबक लावून पाहण्याची रीत येथे निरुपयोगी ठरते, कारण २०० व ३०० या दोन्ही मालिकांतील स्टीलला चुंबक बहुधा चिकटतच नाही. उंची आणि हलका माल शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच चकाकतात. फरक कळतो तो काही महिन्यांनी, आणि तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

फटीतला शत्रू

धातूतून उतरणारे विष हा जुना धोका होता. नवा धोका उलट दिशेने येतो: अन्नातले जंतूच यंत्रात मुक्काम ठोकतात. नदीतल्या दगडावर जसा बुळबुळीत थर बसतो, तसा जंतूंचा चिकट थर ओलसर पृष्ठभागावर तयार होतो आणि एकदा तो जमला की वरून ओतलेले जंतुनाशक आतपर्यंत पोचत नाही. जंतूची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे एक मायक्रोमीटर. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.८ मायक्रोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा दंडक यंत्ररचनेच्या आंतरराष्ट्रीय संकेतांत आढळतो, तो उगाच नव्हे. न घासलेला वेल्डिंगचा सांधा, कडक होऊन तडकलेले रबराचे वायसर, स्क्रूचे आटे, नळीचा बंद टोकाचा फाटा ही या शत्रूची आवडती ठाणी होत. लोखंडी घासणीने घासलेल्या स्टीलवर लोखंडाचे कण रुततात आणि तेथूनच गंजाला आरंभ होतो.

२००८ साली कॅनडात टोरांटो येथील एका मांसप्रक्रिया कारखान्यातील थंड मांसाच्या कापांतून लिस्टेरिया या जंतूची लागण पसरली. ५७ जण आजारी पडले, त्यांपैकी २२ मरण पावले. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. कारखाना मागासलेला नव्हता आणि यंत्रे नित्यनेमाने धुतली जात होती. परंतु काप करणाऱ्या यंत्रांच्या अंतर्भागात, जेथे रोजची धुलाई पोचतच नव्हती, तेथे मांसाचे अंश साचून जंतूंनी आसरा घेतला असावा, असे पुढे आढळून आले. हा जंतू शीतकपाटाच्या थंडीतही वाढतो. तीन वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेत कोलोरॅडोमधील एका शेतावरच्या खरबुजांतून याच जंतूने १४७ जणांना गाठले आणि ३३ जणांचा बळी घेतला. तेथे फळे धुण्यासाठी व वाळवण्यासाठी मुळात दुसऱ्याच शेतमालाकरिता वापरलेली जुनी यंत्रे आणली होती आणि ती सहज स्वच्छ होणारी नव्हती, असे सरकारी तपासणीत दिसले. या दोन्ही ठिकाणी हात न धुणाऱ्या कामगाराला पकडून काय साधले असते?

नव्या पदार्थाला शुद्ध आणि जुन्याला गलिच्छ मानण्याची घाईही टाळावयास हवी. लाकडाऐवजी प्लॅस्टिकचे कापण्याचे पाट वापरावेत, असा उपदेश अनेक वर्षे होत असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग केले, तेव्हा सुरीचे व्रण पडलेला वापरलेला प्लॅस्टिकचा पाट जंतुमुक्त करणे कठीण असल्याचे दिसले, तर लाकडात शोषले गेलेले जंतू पुन्हा पृष्ठभागावर सहसा सापडले नाहीत. याचा अर्थ लाकूड निर्दोष असा नव्हे. उकळते पाणी व तीव्र द्रावणे ते सदैव सोसत नाही. अर्थ इतकाच की, पदार्थाची परीक्षा तो नवा असताना नव्हे, तर वर्षभर वापरल्यानंतर करावी.

कायदा आणि खरेदी

भारतातील कायदा या बाबतीत मुका नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०११ साली झालेल्या विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये, अन्नाच्या संपर्कातील उपकरणे न गंजणाऱ्या, अन्नात विषारी अंश न सोडणाऱ्या आणि सहज धुता येणाऱ्या पदार्थाची असावीत, असे सांगितले आहे. परंतु जनमानसात आणि प्रशासनातही ‘शुद्ध अन्न’ म्हटले की भेसळच प्रथम डोळ्यांपुढे येते. दुधाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत धाडता येतो; नळीच्या आतला सांधा बाटलीत भरता येत नाही. तो पाहण्यासाठी यंत्र उघडावे लागते, आणि त्यासाठी ते उघडण्याजोगे असावे लागते.

महिला बचत गटाने चालवलेला लोणच्याचा उद्योग, गावातला खव्याचा धंदा किंवा शाळेच्या पोषण आहाराचे स्वयंपाकघर यांनी महाग यंत्रे कोठून आणावीत, हा प्रश्न रास्त आहे. पण तो टाळण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी विचारावयाचा आहे. केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आखलेल्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान ठेवले होते. असे सार्वजनिक धन जेथे जेथे खर्च होते तेथे यंत्राच्या पावतीवर स्टीलची जात लिहिलेली असावी, सांधे घासून गुळगुळीत केलेले असावेत आणि यंत्र हत्यारांविना उघडून धुता यावे, एवढ्या तीन अटी घातल्या तरी पुष्कळ काम होईल. शाळांच्या खरेदीतही चिंच-टोमॅटोची आमटी करावयाच्या भांड्यासाठी ॲल्युमिनियमऐवजी चांगले स्टील मागितले, तर खर्च एकदाच वाढेल. त्या भांड्यात वर्षानुवर्षे पोरांचे जेवण शिजेल.

स्वच्छतेचा उपदेश स्वस्त असतो आणि तो नेहमी सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला केला जातो. जे यंत्र मुळात धुताच येत नाही ते धुतले नाही म्हणून भांडी घासणाऱ्या बाईला जाब विचारणे, हा न्याय नव्हे. तिच्या हाती धुता येण्याजोगे भांडे देणे, ही मालकाची, यंत्र बनवणाऱ्याची आणि शासनाची जबाबदारी आहे. ती पार पाडल्यावरच तिच्याकडे स्वच्छतेचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होईल.