इंजिन तेलाची गळती व ज्वलन

इंजिन तेलाची गळती आणि इंजिन तेलाचे ज्वलन हे वापरलेल्या मोटारींच्या इंजिनांत आढळणारे दोन भिन्न दोष होत. गळतीत तेल सीलमधून किंवा पॅकिंगमधून बाहेर पडते. ज्वलनात ते सिलिंडरमध्ये शिरून इंधनाबरोबर जळते. दोन्हींत तेलाची पातळी उतरते, परंतु दुरुस्ती सर्वस्वी निराळी असते. पॅकिंग बदलणे हे बहुधा अल्प खर्चाचे काम असते, तर पिस्टनच्या रिंगा बदलण्यासाठी इंजिन उघडावे लागते. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी निदान निश्चित होणे आवश्यक असते.

पातळीची नोंद

निदानाचा आरंभ मोजमापाने होतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकने पातळी पाहतात. अनेक मोटारींत डिपस्टिकवरील किमान व कमाल खुणांमध्ये सुमारे १ लिटर तेलाचे अंतर असते. ठरावीक किलोमीटरनंतर पुन्हा मोजून तेलाचा खप काढला जातो. थोडे तेल प्रत्येक इंजिनात जळते. काही उत्पादक १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह मानतात. डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा पातळी नव्हे, तर दाब दर्शवतो. त्यामुळे तो लागेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते.

गळतीचे निदान

रात्रभर उभ्या गाडीखाली पुठ्ठा अंथरल्यास थेंबांची जागा कळते. मात्र थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. तेल वरून खाली ओघळते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून इंजिन प्रथम स्वच्छ करून, थोडे अंतर चालवून, ओल्या भागांपैकी सर्वांत वरचा भाग शोधतात. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टरचा जोड, तेलदाबाचा सेन्सर, ऑइल चेंबरचे पॅकिंग व ड्रेन बोल्ट आणि क्रँकचे पुढील व मागील ऑइल सील ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकत असल्यास मागील सीलचा संशय घेतला जातो. परंतु टॅपेट कव्हरमधून ओघळलेले तेलही तेथेच पोहोचते. सूक्ष्म गळतीसाठी तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात.

ज्वलनाचे निदान

निळसर धूर हे तेल जळण्याचे लक्षण होय. काळा धूर जादा इंधनाचे, तर दाट व न थांबणारा पांढरा धूर बहुधा कूलंट सिलिंडरमध्ये शिरल्याचे चिन्ह असते. निळा धूर केव्हा येतो, यावरून दोषाचे स्थान सुचते. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताच धुराचा एक लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील झिजल्याची शक्यता असते. वेग वाढवताना सतत धूर येत असेल, तर रिंगा किंवा बोर यांच्याकडे लक्ष जाते. टर्बोचे सील झिजल्यासही निळा धूर येतो.

धूर न दिसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. खप थोडा असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत धूर दिसतही नाही. अमेरिकेत टोयोटाने २००७ ते २००९ मधील कॅमरीच्या २.४ लिटर इंजिनांसाठी पिस्टन व रिंगा बदलून देण्याची योजना राबवली होती. तेथेही निकष धुराचा नव्हे, तर ठरावीक अंतरात मोजलेल्या खपाचा होता.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग काढून दाब मोजतात. दाब कमी आल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर दोष रिंगांत किंवा बोरमध्ये असतो. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासतात. व्हॉल्व्ह सीलचा दोष मात्र या चाचणीत उघड होत नाही, कारण ते सील दाब रोखत नाहीत.

पीसीव्ही झडप

पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरणारे वायू ही झडप पुन्हा इंजिनाच्या हवामार्गात नेते. ती तुंबल्यास आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. उघडी अडकल्यास तेलाची वाफ हवामार्गात ओढली जाऊन जळते. एकाच स्वस्त भागामुळे दोन्ही दोषांची लक्षणे दिसू शकत असल्याने तिची तपासणी आधी केली जाते.

खरेदीपूर्व तपासणी व परिणाम

जुनी मोटार पाहताना इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहणे उपयुक्त ठरते. नुकतेच धुतलेले इंजिन गळतीच्या खुणा लपवू शकते. तप्त एक्झॉस्टवर गळणाऱ्या तेलाने आग लागण्याचा धोका असतो. मागील सीलमधील तेल क्लच प्लेटवर गेल्यास क्लच घसरतो. जळणाऱ्या तेलाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. पातळी फार उतरल्यास बेअरिंगांना वंगण मिळत नाही व इंजिन जाम होते. दुरुस्ती होईपर्यंत पातळी वारंवार तपासून योग्य प्रतीचे तेल भरत राहणे, हा इंजिन वाचवण्याचा सर्वांत साधा उपाय होय.